ईएफ साठ टक्के आहे, मग एमआरआय कशाला?

डोंबिवलीच्या एका आईनं विचारलं आहे: मुलगा आता ९ वर्षांचा. अकरा महिन्यांचा असताना परळला त्याचं फॅलोटचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून दरवर्षी टूडी एको होतो. यंदाच्या रिपोर्टवर लिहिलंय, ‘एलव्ही ईएफ ६० टक्के, आरव्ही डायलेटेड, सिव्हिअर पीआर, टॅप्सी १३ मिमी’. डॉक्टरांनी हृदयाचा एमआरआय करायला सांगितलाय. ईएफ नॉर्मल आहे तर एमआरआय कशाला? ऑपरेशन नीट झालं नव्हतं का? आणि त्याला क्रिकेट खेळू द्यायचं की नाही?

ताई, क्रिकेटचं सविस्तर पुढे येईलच. पण तोवर बॅट माळ्यावर टाकू नका. मुलाला मी तपासलेलं नाही, तेव्हा त्याच्याबद्दलचा शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा. रिपोर्ट कसा वाचायचा, हे मात्र सांगता येईल. चोवीस वर्षं लहान मुलांची हृदयं बघतेय, आणि तुमचा पहिला प्रश्न आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतंच.

आधी मधला प्रश्न घेते, कारण मला वाटतं रात्री झोप त्यानं उडवली असणार. ऑपरेशन फसलेलं नाही.

फॅलोटच्या आजारात उजव्या कप्प्यातून फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद असते आणि दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं छिद्र असतं. अशुद्ध रक्त त्या छिद्रातून शरीराकडे वळतं, म्हणून बाळ निळं पडतं. १९५४ साली अमेरिकेत मिनेसोटात वॉल्टन लिलेहाय यांनी पहिल्यांदा हृदय उघडून हा दोष दुरुस्त केला. छिद्रावर पॅच लावायचा आणि अरुंद वाट मोकळी करायची, हा गाभा आजही तोच आहे. पण पुष्कळ बाळांमध्ये फुप्फुसाकडच्या झडपेचं कडंच इतकं लहान असतं, की ते उभं कापून वर ठिगळ लावल्याशिवाय वाट मोकळी होत नाही. याला ट्रान्सअ‍ॅन्युलर पॅच म्हणतात. वाट मोकळी होते, पण दार बंद व्हायचं राहतं. पुढे ढकललेलं रक्त थोडं मागे येतं. हीच तुमच्या रिपोर्टमधली ‘पीआर’, म्हणजे पल्मनरी झडपेची गळती. बहुतेक वेळा ती सर्जननं जाणूनबुजून स्वीकारलेली असते. वाट अरुंद ठेवली तर बाळ आयसीयूतून बाहेर येणं कठीण, आणि गळती मूल वर्षानुवर्षं सहन करतं. त्या वेळी तोच सौदा बरोबर होता. एक काळ असा होता की ही गळती निरुपद्रवी आहे असंच सगळे मानायचे. त्या पिढीतली मुलं वीस-तीस वर्षांची झाली, तेव्हा कळलं की ती निरुपद्रवी नाही, फक्त संथ आहे.

डिस्चार्ज कार्डावर ‘टीएपी’ किंवा ‘ट्रान्सअ‍ॅन्युलर’ असा शब्द आहे का बघा. असला, तर आजच्या एकोतल्या गळतीचं नवल नाही.

आता ईएफ. इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे कप्पा भरलेला असताना त्यात जेवढं रक्त होतं, त्यातलं किती टक्के एका ठोक्यात बाहेर गेलं. रिपोर्टवर ‘एलव्ही’ हा शब्द आहे तो नीट वाचा. एलव्ही म्हणजे डावा कप्पा, आरव्ही म्हणजे उजवा, आणि ‘डायलेटेड’ म्हणजे मोठा झालेला. तुमच्या मुलाचं दुखणं उजव्या बाजूचं होतं, ऑपरेशन उजव्या बाजूचं झालं आणि गळतीही उजवीकडे आहे. आकडा डावीकडचा आहे. तो खोटा नाही, चांगलाच आहे. पण तो दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर आहे.

थोडं गणित करू. आकडे समजण्यासाठी घेतलेत, तुमच्या मुलाचे नव्हेत. डाव्या कप्प्यात ६६ मिली रक्त मावतं आणि ठोक्याला ४० मिली शरीराकडे जातं. ईएफ झाला साधारण ६०. शाबास. उजव्या कप्प्यालाही फुप्फुसाकडे ४० मिलीच पोचवायचं आहे, कारण दोन्ही बाजू एकामागोमाग जोडलेल्या आहेत. पण त्यानं ४० पाठवले की त्यातले बरेच परत येणार. म्हणून तो ७० पाठवतो, ३० परत येतात, ४० पोचतात. हे ७० पाठवता यावेत म्हणून तो मोठा होतो आणि त्यात १४० मिली मावू लागतं. १४० मधले ७० गेले, म्हणजे उजव्याचाही ईएफ ५०. कागदावर हेही वाईट दिसत नाही. पण ७० मधले ३० परत, म्हणजे ४३ टक्के मेहनत पाण्यात. ४० टक्क्यांच्या आसपास गेलं की ती गळती आम्ही तीव्र धरतो. यातली एकही गोष्ट ‘ईएफ ६०’ या दोन शब्दांत दिसत नाही.

मग एकोवर उजव्या कप्प्याचा ईएफ का लिहीत नाहीत? कारण त्याचा आकार. डावा कप्पा साधारण बंदुकीच्या गोळीसारखा. दोन बाजूंनी दोन काप घेतले की त्याचं घनफळ काढता येतं. उजवा कप्पा डाव्याला बिलगून बसलेला असतो, बाजूनं पाहिला तर त्रिकोणी, आडवा कापला तर चंद्रकोरीसारखा. त्यात छातीच्या हाडामागे लपलेला आणि पॅचनं फुगलेला. दोन कापांवरून त्याचं माप काढणं म्हणजे दाराच्या फटीतून बघून खोली किती मोठी हे सांगण्यासारखं. म्हणून एको करणारे आडवळणानं जातात. भिंत किती सरकते, किती वेगानं सरकते, कापाचं क्षेत्रफळ किती टक्के घटतं, असं बघतात.

त्यातलीच एक टॅप्सी. उजव्या कप्प्यात शिरण्याच्या वाटेवरच्या झडपेचं कडं ठोक्यागणिक किती मिलिमीटर खाली येतं, ते. नऊ वर्षांच्या निरोगी मुलात ती साधारण २० मिमीच्या आसपास असते. तुमच्याकडे १३ आहे. इंटरनेटवर बघितलंत तर छातीत धस्स होईल. झालंही असेल.

इथे माझीच एक चूक सांगते. शिकून नुकतीच बाहेर पडले होते. ऑपरेशन झालेल्या एका मुलीची टॅप्सी ११ आली. मी तिच्या आईवडिलांना बसवून ‘उजवा कप्पा कमजोर झालाय’ असं सांगितलं, लघवीची गोळी सुरू केली, शाळेचा पीटीचा तास बंद केला. तिच्या आजोबांनी बाहेर बाकावर बसून डोळे पुसले, ते मला आजही दिसतं. चार महिन्यांनी माझ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी तिचा एको पुन्हा केला आणि शांतपणे विचारलं, “पेरिकार्डियम उघडल्यावर टॅप्सी पडते, हे तुला कुणी सांगितलं नाही का?” हृदयाभोवतीचं आवरण एकदा कापलं, की कप्प्याची वरखाली हालचाल कमी होते आणि आत-बाहेर आवळणं वाढतं. काम तेवढंच होतं, पद्धत बदलते. टॅप्सी फक्त वरखाली मोजते. ऑपरेशन झालेल्या हृदयात ती कमी दिसणं हा जवळजवळ नियम आहे. मुलगी ठणठणीत होती. गोळी बंद केली आणि पीटी सुरू केली. आजोबांची माफी मागितली.

तेव्हापासून कमी टॅप्सीचा रिपोर्ट समोर आला की मी पहिल्यांदा मागच्या वर्षीची विचारते. १३ ची १३ राहिली असेल तर मी स्वस्थ असते. १८ ची १३ झाली असेल तर खुर्चीत पुढे सरकते.

पडद्याचंही असंच. हार्ट-लंग मशीनवर, म्हणजे हृदय-फुप्फुसांचं काम यंत्राकडे देऊन, ऑपरेशन झालं की दोन कप्प्यांमधला पडदा काही काळ उलटा हलताना दिसतो, काहींत कायमचा. शिवाय त्याला पॅच लावलेला. अशा हृदयाचा ईएफ ‘एम-मोड’नं, म्हणजे एकाच रेषेवर मोजला तर तो कमी येऊ शकतो, कारण ती रेष नेमकी त्या पडद्यातूनच जाते. रिपोर्टवर ‘सिम्पसन’, म्हणजे वर सांगितलेली कापांवरून घनफळ काढायची पद्धत, लिहिलेलं असेल तर जरा बरं. आणि दोन वेगळ्या लोकांनी, किंवा एकाच माणसानं दोन दिवशी मोजला, तरी ईएफमध्ये पाच-सात टक्क्यांचा फरक सहज पडतो. गेल्या वर्षी ६४, यंदा ६० म्हणजे घसरण नव्हे. मूल रडत असेल, ताप असेल, झोपेचं औषध दिलं असेल, तरी आकडे हलतात. गेल्या पावसाळ्यात एक आजी १०२ ताप असलेल्या नातवाला एकोला घेऊन आल्या, ‘तारीख मिळाली होती ना’ म्हणून. त्यांना परत पाठवलं. रागावल्या. त्या दिवशीचा एको पुढची दोन वर्षं सगळ्यांना फसवत बसला असता.

तर आता एमआरआय.

एको ज्या बाजूला चाचपडतो, तिथे एमआरआय सरळ आत जातो. उजव्या कप्प्याचे वरपासून खालपर्यंत एकामागोमाग काप घेतो, जणू ब्रेडच्या लादीच्या स्लाइस, आणि त्यांची बेरीज करून खरं घनफळ देतो. आकार कसाही वेडावाकडा असो, बेरीज चुकत नाही. वर जे ७०, ३० आणि ४० मांडले, ते तो प्रत्यक्ष मोजतो: पुढे किती गेलं, मागे किती आलं. पुन्हा पुन्हा केला तरी आकडे जुळतात, आणि वर्षानुवर्षं लक्ष ठेवायचं तर तेच हवं असतं. क्ष-किरण नसतात. छातीच्या हाडाला बांधलेल्या तारांची काळजी नको, त्या चालतात. पेसमेकर किंवा शरीरात बसवलेलं दुसरं काही असेल तर मात्र तारीख घेतानाच सांगायचं.

रिपोर्ट हातात आला की एक आकडा शोधा, ‘आरव्हीईडीव्ही इंडेक्स’. पूर्ण भरलेल्या उजव्या कप्प्याचं माप भागिले शरीराचं क्षेत्रफळ. हा भागाकार महत्त्वाचा, कारण मूल वाढतं तसं हृदयही वाढतं. समजा सहा वर्षांच्या, ११२ सेंमी उंच आणि १८ किलो वजनाच्या मुलाचा उजवा कप्पा ९७ मिली होता. नऊव्या वर्षी तोच मुलगा १३० सेंमी, २६ किलो, आणि कप्पा १२६ मिली. २९ मिलीनं वाढला! आई घाबरते. पण पहिल्या वेळी शरीराचं क्षेत्रफळ ०.७५ चौरस मीटर होतं, आता ०.९७ आहे. भागून बघा, दोन्ही वेळा १३० च येतात. कप्पा मुलाबरोबर वाढला, गळतीमुळे नव्हे. एकोवरच्या ‘झेड स्कोअर’ची कल्पनाही हीच. त्या उंची-वजनाच्या निरोगी मुलांच्या तुलनेत आपण कुठे आहोत, हे तो सांगतो. उणे २ ते अधिक २ ला नॉर्मल धरतात. ज्या रिपोर्टवर मुलाची उंची-वजनच लिहिलेली नाही, तो मी अर्धाच रिपोर्ट मानते.

निरोगी हृदयात हा इंडेक्स साधारण शंभरच्या अलीकडे-पलीकडे असतो. गळतीत तो वाढतो. १६० च्या आसपास पोचला, किंवा ठोका पूर्ण झाल्यावर मागे उरलेल्या रक्ताचा इंडेक्स ८० च्या वर गेला, की नवीन झडप बसवण्याची चर्चा सुरू होते, जरी मुलाला काहीच त्रास नसला तरी. कारण त्यापुढे ताणल्यावर झडप बसवली तरी कप्पा पूर्ववत होत नाही. जुन्या पायजम्याच्या इलॅस्टिकचं होतं तसं. मग आत्ताच का नको बसवायची? कारण प्राण्यांच्या ऊतीपासून केलेली ही झडप जन्मभर टिकत नाही, साधारण दहा-पंधरा वर्षांनी खराब होते, लहान मुलात त्याच्याही आधी. नवव्या वर्षी घाई केली तर पंचविशीच्या आत दुसरी. म्हणजे फार लवकर नको आणि फार उशिराही नको. ती मधली खिडकी गाठण्यासाठी एमआरआय. तुमच्या डॉक्टरांनी तो सांगितला याचा अर्थ ‘ऑपरेशन करायचंय’ असा नाही. बहुतेक मुलांत पहिला एमआरआय हा मोजणीचा पहिला खांब असतो, पुढचे सगळे त्याच्याशी ताडून बघायचे. एक दिलासा: आता प्रत्येक झडपेसाठी छाती उघडावी लागेलच असं नाही. २००० साली पॅरिसमध्ये फिलिप बोनहोफर यांनी पायाच्या शिरेतून कॅथेटरनं पहिली पल्मनरी झडप बसवली. तुमच्या मुलाची वेळ येईपर्यंत हा पर्याय अजून सुधारलेला असेल, अशी माझी अपेक्षा आहे. मात्र प्रत्येक पॅचच्या आकारात ती बसत नाही.

थोडं आडवं जाऊन सांगते. ‘कप्पा मोठा नाही’ हीसुद्धा नेहमी चांगली बातमी नसते. काही मुलांत उजवा कप्पा ताठर असतो, ताणतच नाही. त्यामुळे गळती कमी आणि माप ठीक. पण ताठर कप्पा भरायलाही कुरकुरतो, आणि त्याचा त्रास वेगळ्या दारानं येतो, यकृतावर दाब, पायावर सूज. म्हणून नुसतं माप बघून चालत नाही.

आणि डावा कप्पा? तुमचा ६० चा आकडा मी उगाच बाजूला सारला असं वाटू नये. दोन्ही कप्पे म्हणजे चाळीतल्या दोन खोल्या, मधली भिंत सामाईक. इकडच्या खोलीत सामान इतकं वाढलं की भिंत पलीकडे सरकली, तर शेजाऱ्याला पाय पसरता येत नाहीत. मोठ्या झालेल्या फॅलोटच्या पेशंटमध्ये डाव्याचा ईएफ घसरायला लागला तर आम्ही ती गोष्ट फार गंभीरपणे घेतो. तुमच्याकडे तो ६० आहे, म्हणजे भिंतीपलीकडे अजून शांतता आहे.

ईसीजीवर ‘आरबीबीबी’, म्हणजे उजव्या कप्प्याकडे विजेचा संदेश उशिरा पोचतो, असं लिहिलं असेल. ते जवळपास प्रत्येकाच्या असतं, ऑपरेशनच्या टाक्यांची खूण समजा. बघायची ती क्यूआरएसची, म्हणजे कप्पे आवळवणाऱ्या विजेच्या लाटेची, रुंदी. ती १८० मिलिसेकंदांच्या पुढे गेलेल्या मोठ्या पेशंटमध्ये धोकादायक ठोके पडण्याची शक्यता वाढते, हे १९९५ पासून माहीत आहे. नवव्या वर्षी बहुधा त्याच्या बरीच खाली असेल. दरवर्षीचा आकडा फक्त वहीत लिहून ठेवा. एखाद्या दिवशी मूल धावताना चक्कर येऊन पडलं, किंवा बसल्याजागी छातीत ‘फडफड’ झाली म्हणालं, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

आता मी ज्याला सगळ्यात जास्त मानते, ते. मूल करतं काय?

‘काही त्रास नाही’ या वाक्यावर माझा विश्वास नाही. पालक खोटं बोलतात म्हणून नव्हे. ज्या मुलानं जन्मापासून एकच हृदय वापरलंय, त्याला धाप आणि नॉर्मल यातला फरक कसा कळणार? म्हणून मी ‘दम लागतो का’ असं विचारतच नाही. वर्ग कितव्या मजल्यावर आहे, स्टेशनचा पूल चढताना मध्ये थांबतो का, बाबा पुढे निघून जातात का, हे विचारते. डोंबिवलीचा पूल ही फार चांगली स्ट्रेस टेस्ट आहे, फुकटची. माझ्याकडे एक मुलगा यायचा, अगदी ‘क्रिकेटवेडा’. आई म्हणायची, रोज दोन तास मैदानावर असतो. मी विचारलं, काय खेळतोस? म्हणाला, “मी स्कोअर लिहितो. कधी कधी अंपायर.” बॅटिंग? “आली तर करतो, पण माझा रनर असतो.” दोन तास मैदानावर, आणि पळणं शून्य. त्यानं स्वतःच्या हृदयाभोवती इतकी चतुराईनं दुनिया मांडली होती की घरात कुणाला पत्ता नव्हता. त्याला ट्रेडमिलवर पळवलं, तेव्हा खरं चित्र दिसलं.

सात-आठ वर्षांपासून पुढे मुलं ट्रेडमिल किंवा सायकल नीट करतात. तोंडाला मास्क लावून केलेली चाचणी असेल तर उत्तम. जोर लावल्यावर शरीर किती ऑक्सिजन वापरू शकतं, हे त्यात मोजतात, आणि त्या वयाच्या अपेक्षित आकड्याशी टक्केवारीत ताडतात. विश्रांतीच्या वेळचा एको म्हणजे यार्डात उभी गाडी. ती चढावर कशी जाते, हे चढावरच कळतं. एमआरआयच्या जोडीला हीही चाचणी करून घ्या असं मी म्हणेन. दोन्ही चांगल्या आल्या तर बाकी अर्धी काळजी मी करणार नाही.

ज्या पालकांच्या मुलांचं ऑपरेशन वेगळं होतं, त्यांच्यासाठी थोडक्यात, कारण प्रत्येक ऑपरेशनचा कच्चा दुवा वेगळा असतो.

व्हीएसडी, म्हणजे कप्प्यांमधलं छिद्र बंद केल्यावर पहिल्या एकोत ईएफ आधीपेक्षा कमी दिसला तर लगेच घाबरू नका. छिद्र असताना डाव्या कप्प्याला रक्त टाकायला एक सोपी पळवाट होती आणि तो जास्त भरतही होता. पळवाट बंद झाली, तेवढंच. काही आठवड्यांत बहुतेकांचा सावरतो. त्यानंतर तिथे बघायचं ते पॅचच्या कडेनं उरलेली गळती आणि ठोक्यांची वायर, म्हणजे विजेचा संदेश नेणारी वाट. महाधमनी आखडलेल्या, म्हणजे कोआर्क्टेशनच्या मुलांत मला एकोपेक्षा बीपीचा पट्टा प्रिय आहे. उजव्या हाताचं आणि पायाचं, दोन्ही घ्यायचं. पुष्कळ ठिकाणी डाव्या हाताचं घेऊन मोकळे होतात, आणि अशा मुलांत तेच फसवं असू शकतं. अदलाबदल झालेल्या धमन्यांचं स्विच ऑपरेशन १९७५ साली ब्राझीलच्या आदिब जातेने यांनी पहिल्यांदा यशस्वी केलं. त्यात हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्या उपटून नव्या जागी लावलेल्या असतात, त्यामुळे एकूण ईएफपेक्षा भिंतीचा एखादाच तुकडा सुस्त आहे का, हे बघायचं. फाँटान ऑपरेशन झालेली मुलं वेगळ्याच वर्गातली. एकाच कप्प्यावर संसार, फुप्फुसाकडे रक्त पंपाविना जातं. तिथे सॅच्युरेशन, यकृत, रक्तातलं प्रथिन, पोट बिघडणं, हे सगळं ‘हृदयाच्या फंक्शन’मध्येच धरायचं.

आयसीयूबाहेर बसलेल्या आईवडिलांसाठीही एक गोष्ट. हार्ट-लंग मशीनवरून उतरल्यावर पहिल्या रात्री, साधारण सहा ते अठरा तासांच्या दरम्यान, हृदय थोडं मंदावतं. ते अपेक्षित असतं आणि औषधांनी सांभाळतात. त्या रात्री आम्ही एकोपेक्षा लघवी किती झाली, रक्तातलं लॅक्टेट (शरीराला ऑक्सिजन कमी पडला की वाढतं ते) उतरतंय का आणि पाय गरम आहेत का, हे बघतो. सर्जन फेरीला आले की मॉनिटरकडे बघायच्या आधी बाळाच्या तळव्याला हात लावतात, ते प्रेमानं तर असतंच, पण ती तपासणीही असते.

फाइलबद्दल बोलल्याशिवाय मला राहवत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस झाला. त्यानंतरच्या महिन्यांत कुर्ला, कलिना भागातली कुटुंबं माझ्याकडे रिकाम्या हातानं यायची. मुलं सुखरूप, फाइल गटारात. ऑपरेशनला कुठला पॅच लावला, हे मग कोण सांगणार? आजही लोक सीडी आणतात आणि माझ्या कॉम्प्युटरला सीडीचा खाचाच नाही. डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची नोट, प्रत्येक एको आणि ईसीजी, सगळ्यांचे सरळ, सावली न पडलेले फोटो काढा आणि दोन वेगळ्या फोनवर ठेवा. एमआरआयच्या प्रतिमा पेनड्राइव्हवर मागून घ्या, नुसता टाइप केलेला कागद नको. शक्यतो पुढचा एमआरआयही त्याच सेंटरला करा. मोजणारे हात सारखे असले की फरक खरा असतो. खर्चाचा प्रश्न असेल तर तारीख घेण्याआधी सरकारी किंवा पालिका रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा. योजनेत काय बसतं आणि ट्रस्टकडे अर्ज कसा करायचा, हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त माहीत असतं.

क्रिकेट. ट्रेडमिल आणि एमआरआय होईपर्यंत त्याला गल्लीत, मैदानावर खेळू द्या. नियम एकच: दमला की त्यानं स्वतः थांबायचं, आणि थांबल्याबद्दल कुणी चिडवायचं नाही, कोचनंसुद्धा नाही. निवड चाचण्या, स्पर्धा, धावण्याच्या शर्यती रिपोर्ट आल्यावर ठरवू. दहीहंडीच्या थरावर मात्र नको. त्याचा हृदयाशी संबंध नाही, मी कुठल्याच नऊ वर्षांच्या मुलाला चढू देणार नाही.

एमआरआयची तयारी आजपासून घरी करा. बोगद्यात पाऊण-एक तास पडून राहायचं असतं, आवाज मोठा असतो, कानाला हेडफोन देतात. मधूनमधून ‘श्वास सोडा, थांबा’ असं सांगतात, दर वेळी दहा-बारा सेकंद. नऊ वर्षांचं मूल हे भूल न घेता करू शकतं, फक्त सराव हवा. रात्री झोपताना त्याला उताणं निजवा, फोनवर घड्याळ लावा, श्वास पूर्ण सोडून हलायचं नाही असा खेळ करा. पहिल्या दिवशी पाच सेकंदांत हसू फुटेल. आठवडाभरात बारा होतात. त्याच्या ओळखीच्या आवाजात, म्हणजे तुमच्या, ‘सोड, थांब, घे’ असं रेकॉर्ड करून ठेवलंत तर आणखी बरं. आणि आदल्या दिवशी त्याची उंची-वजन मोजून कागदावर लिहून न्या. तिथे कधीकधी अंदाजानं लिहितात.